दप्तर परत आणता यावं म्हणून
नव्या डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटरच्या अभ्याससाधनांविषयी : प्रस्तावना

माझे आजोबा जबलपुरात एका पेढीवर हिशेब लिहीत. बाजारात सगळे त्यांना मुनीमजी म्हणत; नागपूरकडचे पाहुणे आले की त्यांचे दिवाणजी होत. दुकान बंद झालं की ते दोन वह्या पुढ्यात घेऊन बसत. दिवसभराचा व्यवहार आधी कीर्दीत लिहायचा, जसा घडला त्या क्रमानं. मग सवडीनं ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत उतरवायचा. एकच रक्कम दोनदा कशाला लिहायची, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “खतावणीवर पाणी सांडलं तर कीर्दीवरून ती पुन्हा उतरवता येते. म्हणून कीर्द आधी.”

कितीतरी वर्षांनी पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये मी ‘राइट-अहेड लॉग’चं प्रकरण वाचलं. डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये क्रमानं लिहितो, व्यवहार पक्का झाल्याचं सांगण्याआधी तो लॉग डिस्कवर बसवतो, आणि टेबलांची मूळ पानं मागाहून दुरुस्त करतो. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना लॉग वाचून राहिलेलं काम पुरं करतो. ही आजोबांचीच कीर्द होती. ते प्रकरण मला एका बैठकीत समजलं. आणि मग ध्यानात आलं, की आधीची तीन वर्षं मी ज्या साधनांवरून हे काम शिकत होते, त्यांतल्या एकानंही मला हे सांगितलं नव्हतं. कमांड पाठ झाल्या होत्या. त्या कशासाठी आहेत ते कळलं नव्हतं.

त्या तीन वर्षांची किंमत मोजावी लागली. मी तेव्हा एका कार्यालयात होते. रात्री साडेअकराला बॅकअप चालायचा, सकाळी पडद्यावर काम यशस्वी झाल्याचा संदेश असायचा, मी वहीत खूण करायचे. एका पावसाळ्यात सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप काढला तर फायली होत्या, नावं आणि तारखा बरोबर होत्या, आणि आकार शून्य होता. सहा आठवडे आम्ही कागदी पावत्यांवरून नोंदी पुन्हा भरल्या. ज्यांच्या पावत्या सापडल्या नाहीत त्यांना खेटे घालावे लागले, आणि त्यांत म्हातारी माणसं पुष्कळ होती. चूक माझी होती. मी रोज बॅकअप घेत होते आणि तो परत आणून एकदाही पाहिला नव्हता. ज्या पुस्तकावरून मी शिकले होते त्यात बॅकअपला अख्खं प्रकरण होतं आणि रिस्टोरला एक परिच्छेद.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं विचारलं, “आत्या, मला डीबीए व्हायचंय. कुठला कोर्स करू?” त्याच्या मोबाइलवर चाळीसेक व्हिडिओंची यादी होती, तीन क्लासची माहितीपत्रकं होती, आणि कुणीतरी पाठवलेली सहाशे प्रश्नांची एक फाइल होती. साधनं नाहीत अशी अडचण माझ्या वेळी होती. त्याची अडचण उलटी होती : साधनांचा डोंगर, आणि वर जायची वाट दिसेना. त्याच्यासाठी मी चार पानं लिहून काढली. ती त्याच्या मित्रांकडे गेली, मित्रांचे प्रश्न आले, पानं वाढली. त्यांची ही पुस्तिका झाली. हिच्यात डेटाबेस शिकवलेला नाही. डेटाबेस सांभाळायला शिकताना कोणतं साधन हाती घ्यावं, कोणतं बाजूला ठेवावं आणि कोणत्या क्रमानं जावं, एवढंच हिचं काम आहे.

निवड करायची तर आधी काम कोणतं ते स्पष्ट हवं. डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे डीबीए, या लांबलचक नावाला मराठीत एक जुना, नेमका शब्द आहे : दप्तरदार. चिटणीस, फडणीस, दप्तरदार ही आज आडनावं झाली आहेत. एके काळी ते हुद्दे होते, आणि लिहिलेलं राज्य त्यांच्या हाती असे. आमच्या जबलपुरावर १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांचा अंमल आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा, आणि १८१७ मध्ये इंग्रजांचा. राज्यं बदलली, महसुलाच्या नोंदी ठेवणारा माणूस प्रत्येक राज्याला लागला. पुण्यातल्या पेशवे दप्तराचे कागद कापडी रुमालांत बांधून राहिले, म्हणून गोविंद सखाराम सरदेसायांना १९३० ते १९३४ या काळात त्यांतल्या निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध करता आले. रुमाल बांधणाऱ्या कारकुनाला पुढं हे कोण वाचणार ते ठाऊक नव्हतं. हवा तो कागद मागितल्यावर सापडला पाहिजे, एवढं त्याला ठाऊक होतं.

डीबीएचं कामही मुळात तेवढंच आहे. हवी ती नोंद, हक्काच्या माणसाला, हव्या त्या वेळी मिळावी. हक्क नसलेल्याला मिळू नये. आणि काहीही मोडलं तरी ती परत आणता यावी. बाकी सगळं, म्हणजे इन्स्टॉल करणं, वेग वाढवणं, नव्या आवृत्तीवर नेणं, या तीन वाक्यांच्या पोटात येतं. तिन्हींत परत आणणं सगळ्यांत वरचं, कारण मंद चाललेला डेटाबेस उद्या वेगवान करता येतो, गेलेला डेटा उद्याही गेलेलाच असतो. म्हणून पुस्तिकेतली प्रत्येक शिफारस मी एका प्रश्नावर घासून पाहिली आहे : हे साधन शिकणाऱ्याकडून मोडलेलं परत जोडून घेतं का?

जबलपुरात बसून हे शिकण्याला अर्थ आहे, हे इथल्या मुलांना मला आवर्जून सांगायचं आहे. हे नोंदींचं शहर आहे. मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय १९५६ पासून इथं आहे. पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचं मुख्यालय इथं आहे, म्हणजे लाखो घरांचं वीजबिल ही इथल्याच कुणाची तरी जबाबदारी असते. पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय २००३ पासून इथं आहे. १९०४ पासूनचा तोफगाड्यांचा कारखाना आहे, विद्यापीठ आहे, रुग्णालयं आहेत. १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि २००५ पासून ट्रिपल आयटी. डेटाबेसचं काम बंगळूर-पुण्यातच असतं, असं समजून मुलं गाव सोडायची घाई करतात. पुण्याशी नातं जरूर आहे, पण ते वेगळं आहे. देशभरच्या जिल्हा न्यायालयांत ई-कोर्ट्स प्रकल्पाखाली खटल्यांच्या नोंदी ज्या प्रणालीत ठेवतात, ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातल्या चमूनं घडवली, आणि तिच्या तळाशी पोस्टग्रेसक्यूएल आहे. पक्षकाराला मोबाइलवर पुढची तारीख दिसते ती या मोफत, सर्वांना खुल्या डेटाबेसमधून येते. जे फुकट मिळतं ते शिकण्यापुरतंच, असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

आता साधनांकडे. पहिली वाटणी मी अशी करते : काय टिकतं आणि काय बदलतं. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी एका शोधनिबंधात मांडलं, की डेटा साध्या तक्त्यांत ठेवावा आणि तो डिस्कवर कसा रचला आहे याची काळजी विचारणाऱ्याला पडू नये. १९७४ मध्ये डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी प्रश्न विचारायची भाषा आखली. तीच आजची एसक्यूएल. या दोन गोष्टी पन्नास वर्षं टिकल्या आहेत. पोस्टग्रेसक्यूएलची एक मोठी आवृत्ती मात्र पाच वर्षं सांभाळली जाते आणि मग तिची दुरुस्ती थांबते. टिकणारं शिकायला चांगलं जुनं पाठ्यपुस्तक लागतं, बदलणारं शिकायला आजचं डॉक्युमेंटेशन. नवशिके नेमकं उलटं करतात. पाठ्यपुस्तक रटाळ म्हणून सोडतात आणि आठ वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवरून आजचा सर्व्हर लावायला जातात.

पाठ्यपुस्तकांत दोन नावं पुरेत, आणि दोन्हींशी आपलं नातं आहे. सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांच्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’चे सुदर्शन मुंबईच्या आयआयटीत शिकवत आले आहेत. एलमासरी आणि नवाथे यांचं ‘फंडामेंटल्स ऑफ डेटाबेस सिस्टिम्स’ १९८९ मध्ये पहिल्यांदा निघालं. त्यांतले शामकांत नवाथे जॉर्जिया टेकमध्ये प्राध्यापक होते. दोन्ही पुस्तकं जाडजूड आहेत. नवशिक्यानं एकच घ्यावं, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलं तरी चालेल, आणि सगळं वाचू नये. तक्त्यांची रचना, नॉर्मलायझेशन, एसक्यूएल, इंडेक्स, ट्रान्झॅक्शन आणि रिकव्हरी, एवढी प्रकरणं पेन्सिल हातात घेऊन वाचावीत. ट्रान्झॅक्शनचं प्रकरण वाचताना आपली गाडी डोळ्यांपुढं आणा. जबलपूर-मुंबई गरीबरथात एकच बर्थ उरली आहे. एक माणूस जबलपूरच्या खिडकीवर आणि दुसरा मुंबईच्या खिडकीवर त्याच क्षणी ती मागतो. दोघांनाही तिकीट मिळू नये, आणि पैसे घेऊन दोघेही तिकिटाविना राहू नयेत. ही हमी कशी देतात ते ज्याला सांगता आलं, त्याचं प्रकरण झालं.

पाठ्यपुस्तकानंतर एकच डेटाबेस निवडावा. माझी शिफारस पोस्टग्रेसक्यूएलची. ते मोफत आहे, घरच्या लॅपटॉपवर चालतं, मोठ्या कामांत वापरलं जातं, आणि त्याचं डॉक्युमेंटेशन हे या विषयातलं उत्तम लेखन आहे. ज्याच्या कार्यालयात मायएसक्यूएल, ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर आहे त्यानं तेच घ्यावं. पण पहिलं वर्षभर दोन घेऊ नयेत. डॉक्युमेंटेशनला घाबरू नका. ते कादंबरीसारखं सलग वाचायचं नसतं. सर्व्हर सांभाळण्याचा भाग उघडा आणि त्यातलं बॅकअप आणि रिस्टोरचं प्रकरण आधी वाचा. त्यात तीन वाटा दिल्या आहेत : एसक्यूएल डंप, फायलींची सरळ नक्कल, आणि लॉग सतत साठवत जाणं. तिन्हींचे गुण आणि मर्यादा साध्या इंग्रजीत लिहिल्या आहेत. रोज एक पान, कोशासह. तीन महिन्यांत कोश लागेनासा होतो, हे मी बऱ्याच मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे.

कुठलंही साधन उघडल्यावर पहिली नजर आवृत्तीवर जावी. लेखकानं कोणत्या आवृत्तीवर काम केलं ते लिहिलेलं नसेल तर तिथंच थांबावं. याचं कारण उदाहरणानं सांगते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये जुन्या काळी डेटा परत आणायचा तर ‘रिकव्हरी डॉट कॉन्फ’ नावाची फाइल लिहावी लागे. २०१९ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीनं ती पद्धत बंद केली; आता ती फाइल तिथं दिसली तर सर्व्हर सुरूच होत नाही. म्हणजे जुना धडा मन लावून गिरवणारा विद्यार्थी, डेटा परत आणायच्या नेमक्या घटकेला, सर्व्हर अडकवून बसतो. मायएसक्यूएलमध्ये वेग वाढवायला ‘क्वेरी कॅश’ मोठी करा, असा सल्ला अजून जागोजागी सापडतो; २०१८ च्या ८.० आवृत्तीतून ती कॅशच काढून टाकली आहे. हे धडे लिहिणारे चुकले नव्हते. त्यांचा काळ संपला, आणि धड्यावर तारीख नव्हती.

तिसरं साधन सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते विकत मिळत नाही : मोडायला स्वतःचं मशीन. जुना लॅपटॉप पुरतो. त्यावर व्हर्च्युअल मशीन करावं, म्हणजे कितीही बिघडवलं तरी पुन्हा उभं करता येतं. पुस्तकातला तयार डेटा घेण्याऐवजी आपल्या ओळखीचा घ्यावा. मी मुलांना गल्लीतलं वाचनालय देते : पुस्तकं, सभासद, देवघेव, असे तीन तक्ते. सुरुवातीला वीस नोंदी हातानं भरायच्या. मग एका कमांडनं देवघेवीच्या दहा लाख नोंदी तयार करायच्या, एका सभासदाची पुस्तकं शोधायची आणि ‘एक्सप्लेन ॲनलाइझ’ला विचारायचं, किती वेळ लागला आणि का. मग इंडेक्स घालून तोच प्रश्न पुन्हा. आकडे वहीत लिहायचे. दोन खिडक्या उघडून एकच पुस्तक दोघांना द्यायचा प्रयत्न करायचा आणि दुसरी खिडकी कशी थांबून राहते ते पाहायचं. शेवटी डंप घ्यायचा, अख्खा डेटाबेस पुसायचा, परत आणायचा आणि नोंदी मोजायच्या. आणि एक दिवस, नोंदी भरल्या जात असताना, व्हर्च्युअल मशीनची वीज तोडायची. पुन्हा सुरू केल्यावर सर्व्हरच्या लॉगमध्ये रिकव्हरीच्या ओळी दिसतील. कीर्दीवरून खतावणी उतरवली जात असते ती. जे पुस्तक किंवा जो कोर्स यांतलं काहीच करायला लावत नाही, तो कितीही गाजलेला असो, या कामासाठी पुरेसा नाही.

आपल्या ओळखीचा, आपल्या भाषेतला डेटा घ्या, असं म्हणण्यामागं आणखी एक कारण आहे. बहुतेक साधनं इंग्रजी नावं धरून लिहिलेली असतात आणि देवनागरीचे प्रश्न त्यांच्या वाटेला येत नाहीत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना-मात्रा आणि हलन्त ही वेगळी चिन्हं असतात. ‘जबलपूर’ सहा चिन्हांचं, म्हणजे १८ बाइट; ‘महाराष्ट्र’ दहा चिन्हांचं, म्हणजे ३० बाइट. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये वीस लांबीचा रकाना म्हणजे वीस चिन्हं. ओरॅकलमध्ये वेगळं सांगितलं नाही तर वीस म्हणजे वीस बाइट. तिथं जबलपूर मावेल, महाराष्ट्र मावणार नाही. क्रम लावण्याचंही तसंच. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो ल आणि व यांच्यामध्ये आहे. नुसत्या चिन्हक्रमांकांवर यादी लावली तर काळे हे कासारांच्या आधी येतात, मराठी क्रमानं ते नंतर यायला हवेत. हा क्रम डेटाबेसला कसा सांगायचा ते डॉक्युमेंटेशनच्या ‘कोलेशन’ प्रकरणात आहे. मतदारयाद्या, सभासदांच्या याद्या, शाळेचे पट यांवर काम करणाऱ्या माणसाला हे माहीत असलंच पाहिजे, आणि मराठी घरातल्या विद्यार्थ्याला ते पहिल्याच आठवड्यात सापडतं, कारण स्वतःचं आडनाव चुकीच्या जागी त्याला चटकन दिसतं.

भाषेचा विषय निघालाच आहे तर तोही सांगते. जबलपूरच्या मराठी मुलाची घरची भाषा मराठी, शाळेची बहुधा हिंदी, आणि विषयाची इंग्रजी. यातली कुठलीही अडचण मानू नये. कल्पना समजून घेताना जी भाषा जवळची ती वापरावी. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, अनेक विषय भारतीय भाषांमध्ये ऐकता येतात, आणि पडद्याच्या एका अर्ध्या भागात धडा तर दुसऱ्या अर्ध्यात आपलं काम, अशी त्यांची रीत आहे. ती रीत मला फार आवडते : ऐकायचं, थांबवायचं, स्वतः करून पाहायचं, मग पुढं जायचं. आयआयटी आणि आयआयएससी यांच्या एनपीटीईएलवर पार्थ प्रतिम दास यांनी खरगपूर आयआयटीतून शिकवलेला डेटाबेसवरचा अभ्यासक्रम मोफत आहे आणि तो वर सांगितलेल्या पहिल्या पाठ्यपुस्तकाच्या हातात हात घालून जातो. पण चूक दाखवणारा संदेश येतो तो इंग्रजीत. रात्री दोन वाजता तो वाचून समजला पाहिजे. म्हणून संदेशांसाठी वहीचा एक भाग राखावा : डावीकडे आलेला संदेश जसाच्या तसा, उजवीकडे त्याचा अर्थ आपल्या शब्दांत, खाली तो कशानं गेला ते.

व्हिडिओंविषयी माझं मत सरळ आहे. पाहिलं म्हणजे आलं, असं वाटू देण्याची ताकद त्यांच्यात असते, आणि तीच नवशिक्याला मारक ठरते. दहा मिनिटं पाहिलं तर तीस मिनिटं हातानं करावं, कमांड चिकटवू नये, टाइप करावी. प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारात थोडं वजन आहे, हे मान्य. अभ्यास झाल्यावर ते घ्यायला हरकत नाही. परीक्षेतले प्रश्न जसेच्या तसे पुरवणाऱ्या फायलींपासून मात्र दूर राहा. त्यांवरून मिळवलेलं प्रमाणपत्र सर्व्हर बंद पडल्यावर एक कमांडही सुचवत नाही, आणि त्या वेळी समोर बसलेल्या माणसांची कामं अडलेली असतात. आता मुलं कृत्रिम बुद्धिमत्तेलाही विचारतात. विचारावं, पण आवृत्ती सांगून विचारावं, उत्तर डॉक्युमेंटेशनमध्ये पडताळावं, आणि आपल्या मोडायच्या मशीनवर चालवल्याशिवाय ते चालत्या सर्व्हरला लावू नये.

चौथं साधन क्वचितच कुणी सुचवतं, आणि माझ्या मते दुसऱ्या वर्षात त्याच्याइतकं काही शिकवत नाही : अपघातांचे अहवाल. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका इंजिनियरनं दुय्यम सर्व्हरची समजून मुख्य सर्व्हरची डेटा डिरेक्टरी पुसायला घेतली. सुमारे ३०० जीबी डेटा जवळजवळ सगळा गेला. बॅकअपच्या पाच पद्धती योजलेल्या होत्या. त्या रात्री एकही भरवशाची ठरली नाही. रोजचा डंप बरेच दिवस निघतच नव्हता, कारण डंप काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा होता, आणि तसं कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. कुणीतरी कामासाठी सहा तास आधी घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. मधल्या काळातले सुमारे ५,००० प्रकल्पांचे आणि ७०० नव्या सभासदांचे बदल गेले. कंपनीनं हे सगळं लपवलं नाही, दुरुस्तीचं काम सगळ्यांना पाहता येईल असं केलं आणि पुढं सविस्तर अहवाल लिहिला. तो मी वाचला तेव्हा माझी शून्य आकाराची फाइल आठवली. एवढी मोठी माणसंही तिथंच अडखळली, याचा दिलासा नव्हता वाटला. वाटलं ते हे, की हा अहवाल मला पहिल्या वर्षी वाचायला मिळायला हवा होता.

एक अपघात आपल्या गावचा. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर भूकंपानं हादरलं. ज्यांनी तो अनुभवला त्यांना त्यानंतरच्या रात्री अंगणात काढलेल्या अजून आठवतात. माणसं गेली, घरं पडली, कित्येक जुन्या इमारतींना तडे गेले. डेटाच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम प्रत्येक पुस्तकात एका ओळीत असतो. ती ओळ वाचून मुलं पुढं जातात. मी त्यांना विचारते : तुमची दुसरी प्रत त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर असेल तर त्या पहाटेनंतर काय उरलं असतं? मग नागपूर किंवा भोपाळ ही नावं त्यांना स्वतःच सुचतात. साधन निवडताना हेही पाहावं, की ते नियम सांगून थांबतं की त्यामागचा धोका दाखवतं.

आणखी एक गोष्ट मी कसोटीतच धरली आहे, कारण ती कौशल्याइतकीच गरजेची आहे. डीबीएला सगळं दिसतं : कुणाचं बिल थकलं, कुणाचा खटला कुणाशी, कुणाला कुठला आजार. सराव करण्यासाठी कार्यालयातला खरा डेटा घरी आणणं ही चोरी आहे, मग हेतू शिकण्याचा असला तरी. २०२३ मध्ये आपल्याकडे व्यक्तिगत डेटाच्या संरक्षणाचा कायदाही झाला. जो शिक्षक खऱ्या ग्राहकांचा डेटा वर्गात वाटतो त्याच्याकडे शिकू नये. दहा लाख खोट्या नोंदी एका कमांडनं होतात. खऱ्या माणसाची एक नोंद फुटली तर ती कुठल्याच कमांडनं परत आत जात नाही.

पुस्तिकेचे चार भाग याच क्रमानं आहेत : पाठ्यपुस्तक, डॉक्युमेंटेशन, मोडायचं मशीन, अपघातांचे अहवाल. प्रत्येक भागात थोडीच साधनं आहेत, कारण जास्त दिली की निवड पुन्हा तुमच्या डोक्यावर येते. प्रत्येकापुढं ते कुणासाठी, किती आठवड्यांचं, आणि संपल्यावर तुम्हाला काय करता आलं पाहिजे, हे लिहिलं आहे. ज्यांनी माझी पानं वापरून पाहिली आणि कुठं अडलं ते प्रामाणिकपणे सांगितलं, त्या सगळ्या मुलामुलींची मी ऋणी आहे. दुसरा आणि तिसरा भाग त्यांच्या प्रश्नांतूनच उभा राहिला.

वरच्या कसोट्या या पुस्तिकेलाही लावा. ज्या आवृत्त्यांवर मी प्रयोग केले त्या प्रत्येक प्रयोगाच्या डोक्यावर दिल्या आहेत. त्यांतली एखादी तुमच्या हाती पडेपर्यंत जुनी झाली असेल, तर तो प्रयोग डॉक्युमेंटेशन पाहून स्वतः दुरुस्त करा आणि समासात तारीख घालून लिहा. शेवटची दहा पानं मी कोरी सोडली आहेत. त्यांवर तीन रकाने आखा : तारीख, परत आणायला लागलेली मिनिटं, परत आल्यावर मोजलेल्या नोंदी. पहिली ओळ या आठवड्यात भरा, मग दर महिन्याला एक. बॅकअप घेतल्याची खूण या पानांवर करायची नाही.

जबलपूर